वरच्या मजल्याची लिंक

शनिवार, १ ऑक्टोबर

पुन्हा तीच! फनारवाल्यांनी सकाळी महिन्याचे आकडे पाठवले. अख्ख्या महल्ला शहरात पहिली कोण? शाहीनाज! माझी धाकटी जाऊ! मी तिसरी. तिसरी!!

हा धंदा या घरात मी आणला. मी. दुकानाची लिंक बायकांना पाठवायची, त्यांनी तिथून माल मागवायचा, माल दारात आला आणि त्यांनी पैसे दिले की कमिशन आपलं. फनार ही मधली कंपनी. कुणाच्या लिंकवरून काय विकलं गेलं ते तीच बघते. तेव्हा शाहीनाज गिरणीत तुटलेले धागे जोडत होती. माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझाच चहा पीत, "ताई, हे कसं हो करतात?" आता बघा.

हे सगळं इथे लिहितेय कारण या इमारतीत तोंड उघडलं की आवाज जिन्याने वर जातो. आणि वर तीच राहते.

सोमवार, ३ ऑक्टोबर

हिकमत आली होती. समोरच्या गल्लीतली. "उम्म रिदा," — रिदाची आई, गल्लीत मला हेच नाव — "ते वाफेचं पातेलं मागव ना." माझ्या बायका स्वतः काही भरत नाहीत. नाव कुठे, पत्ता कुठे, त्यांना कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. मीच माझ्या फोनवरून मागवते, त्यांच्या नावाने, त्यांच्या पत्त्यावर. आणि दम देते — माणूस दारात आल्यावर 'नको' म्हणालीस तर माझ्या दारात उभी राहू नकोस! म्हणून माझा माल परत जात नाही. इतरांचा निम्मा परत जातो. बाया मागवतात, नवरा दार उघडतो, संपलं.

फोनात माझी लिंक मी उघडून ठेवलीय. फनारच्या बासमनेच शिकवलं होतं. एकदा लिंक उघडली की दुकान तो फोन लक्षात ठेवतं, पुढे मागवाल ते तुमच्या नावावर.

मग तरी तिसरी कशी? सांगा मला!

बुधवार, ५ ऑक्टोबर

तिने गॅलरीत लाल पडदे लावले. माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लोंबतात.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

नमाजानंतर सगळे आमच्याकडे जेवायला. कोबीच्या पानांत भात भरून महशी मी केली, बदक मी केलं, आणि तारीफ कुणाची? शाहीनाजची! तिच्या नवऱ्याने, महरूसने, तोंडात घास असताना सांगितलं, "गिरणी सोडली हिने. राजीनामा दिला. आता घरबसल्या राणी!"

माझे मालक म्हणाले, "माशाल्ला, माशाल्ला." दोनदा म्हणायची काय गरज होती?

शाहीनाज माझ्याकडे बघून म्हणाली, "सगळं तुमच्या पायगुणाने, ताई."

"माझ्या पायांना मधे आणू नकोस," मी म्हटलं. सगळे हसले. मी विनोद करत नव्हते.

गिरणी सोडली! मी इतकी वर्षं हे करतेय, पण नवऱ्याची मायक्रोबस आहे म्हणून घर चालतं. आणि हिने पक्की नोकरी सोडली — कशाच्या जोरावर? तिच्या चॅनेलवर रोज सकाळी मी बघते ना. आधी तिचं बघते, मग माझा दिवस सुरू. तिने टाकलेली एकेक लिंक उघडते. काय विकतेय, कितीला विकतेय, सगळं माहीत असायला नको? काही खास नाही तिथे. तीच पातेली, त्याच सपाता, त्याच चादरी. आमच्याच गिरणीतल्या चादरी, कैरोला जाऊन पुन्हा महल्लात आलेल्या! फोटो वाकडे. आवाज असा की कुणी दाराआडून बोलतंय. आणि लोक हिच्याकडून घेतात?

मंगळवार, ११ ऑक्टोबर

बासमला फोन लावला. सरळ म्हटलं, "ती माझं गिऱ्हाईक चोरते. शोधून काढ."

"मॅडम अतियात, तुम्ही आमच्या डोक्यावरचा ताज आहात—"

"ताज ठेव बाजूला. आकडे बघ."

बघितले त्याने. चहाचे घोट ऐकू येत होते. मग म्हणतो, "सगळं साफ आहे, मॅडम. उलट मॅडम शाहीनाजचा माल परतच येत नाही! नाईलच्या अख्ख्या डेल्टात असं कुणाचं नाही. काय पकड आहे त्यांची बायकांवर!"

पकड! तिची! तिला स्वतःच्या नवऱ्याला पायातले बूट काढ म्हणता येत नाही.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

कैरोला परिषद. फनारची आणि आणखी कुणाकुणाची, मोठ्या हॉटेलात. मला बोलावणं आलंय. शाहीनाजलाही. फरक एवढाच की मी खुर्चीवर बसायचंय आणि तिने स्टेजवर बोलायचंय. 'महल्लाच्या यशाचं गुपित.'

ती खाली आली. "ताई, मी काय बोलू? मला बोलता येत नाही."

"मग गप्प बस. तेही गुपितच."

रडवेली होऊन गेली. जाऊ दे.

शनिवार, २२ ऑक्टोबर

आत्ताच आलो. सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

मालकांनी मायक्रोबसने सोडलं. रस्ताभर शाहीनाज कुराणातल्या आयती पुटपुटत होती. नवा कोट घातला होता, घामाने भिजली. हॉटेलात गळ्यात पाट्या अडकवल्या. सगळी तरुण पोरं, घट्ट पँट, अर्धं इंग्रजी. एकाने माझं वय बघून विचारलं, "हज्जा, तुम्ही ट्रॅफिक, म्हणजे गिऱ्हाईक, कुठून आणता?" मी म्हटलं, "जिन्यावरून." तो मान डोलावून निघून गेला. नवीन काही आहे वाटलं असेल.

मग स्टेज. शाहीनाज वर गेली. माईक धरला, तोही उलटा. बासमने सरळ केला. मला वाटलं आता पडणार ही. मनात म्हटलं, पड.

ती म्हणाली, "माझं काही गुपित नाही. खरं सांगते. मला एक बाई आहे."

लोक हसले.

"खरंच. कंपनीचं टूल बघते मी, कुठल्या फोनने काय उघडलं ते दाखवतं ना, ते. एक फोन आहे. रोज सकाळी माझी प्रत्येक लिंक उघडतो. प्रत्येक. एक सोडत नाही. मग दिवसभर त्याच फोनवरून ऑर्डरी येतात. टूल नावं-पत्ते झाकून ठेवतं, पण दरवेळी नाव वेगळं, एवढं कळतं. कुणीतरी बाई असणार, शेजारणींसाठी मागवत असणार. टूल सांगतं फोन कैरोतला आहे, पण ते तर सगळ्यांनाच कैरो दाखवतं. मी तिला ओळखत नाही. पण ती फक्त माझ्याकडून घेते. माझे फोटो वाकडे आहेत, मला माहीतेय. तरी घेते. मी गिरणीत होते, मला कुणी कधी असं… म्हणजे, कुणी निवडलं नव्हतं. पाचही नमाजांत मी तिच्यासाठी दुआ मागते. तेवढंच."

टाळ्या. पुढच्या रांगेतला एक माणूस डोळे पुसत होता, माकड!

तशीच उठले. बाहेर त्या टूलवाल्यांचं टेबल होतं. नरमीन नावाची पोरगी, च्युइंगम चघळणारी. फोन तिच्यापुढे ठेवला. "माझी लिंक मी यात आधीच उघडून ठेवलीय. मग इथून मागवलेला माल कुणाच्या नावावर?"

"तुमच्या, टँट." मावशी म्हणायची त्यांची तऱ्हा.

"आणि मग मी दुसरीची लिंक उघडली तर? नुसती बघायला?"

चघळणं थांबलं. "मग तिच्या नावावर. शेवटची लिंक ज्याची, माल त्याचा. रोज उघडता की काय?"

मी फोन उचलून पर्समध्ये टाकला.

"अय्यो, टँट!" म्हणाली आणि हसली. मग माझं तोंड बघून तिने मला एक पेन फुकट दिलं.

परतीच्या वाटेवर शाहीनाज माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. काचेचं बक्षीस मांडीवर. मला खांदा हलवता येईना. टांटा शहर येईपर्यंत तशीच बसून.

रविवार, २३ ऑक्टोबर

म्हणजे माझ्या जळण्यावर तिची चूल पेटली!

हिकमतचं पातेलं, उम्म सय्यदचे पडदे, मशिदीपलीकडच्या बायकांच्या सपाता — माझा घसा, माझे दम, माझा माल. तिच्या नावावर. आणि मी रोज सकाळी उठून, तोंडसुद्धा न धुता, स्वतःच्या हाताने तिला देत होते.

कुणाला सांगू? मालकांना सांगितलं तर हसतील. बासमला सांगितलं तर सगळी कंपनी हसेल. आणि विचारतील — तुम्ही तिच्या लिंका कशाला उघडत होता, मॅडम?

फोनमधलं जुनं सगळं पुसलं. माझी लिंक उघडली. आता तिच्या चॅनेलकडे बघायचं नाही. संपलं.

बुधवार, २६ ऑक्टोबर

माझे आकडे चढले. तिचे नुसते बसलेत. नाही, पडलेत!

रव्याची गोड बसबूसा आणली. एकटीने खाल्ली. मालकांना सांगितलं की संपली.

सकाळी हात आपोआप तिच्या चॅनेलकडे जातो. मारते त्याला.

रविवार, ३० ऑक्टोबर

वर महरूस ओरडत होता. "राणी! बस आता राणी होऊन!" भांडं पडल्याचा आवाज. ती काल गिरणीत जाऊन आली म्हणे. मुकादम म्हणाला, तुझ्या जागी दुसरी घेतली, स्टेजवर बोल जा.

संध्याकाळी ती खाली आली. मी मुलुखियाची पालेभाजी चिरत होते, मान वर केली नाही. ती दाराशीच उभी.

"ताई, माझी बाई गेली."

"कुठली बाई?"

"ती. रोज सकाळची. परिषदेच्या दिवसापासून एकदाही आली नाही. मी स्टेजवर तिचं नाव काढलं, तिला कुणाची नजर लागली असेल का हो?"

"तिला नाव कुठे होतं?"

"आजारी असेल. वय असेल तिचं. मला आपलं वाटतं, वय असेल." ओढणीने नाक पुसलं. "पैशाचं सोडा, ताई. पैसे तर गेलेच. पण ती अशी रोज यायची ना…"

मी सुरी जोरात चालवली. "गिऱ्हाईक म्हणजे काय आई असते? येतं, जातं. दुसरं शोध. फोटो सरळ काढ आधी."

"हो," म्हणाली. गेली.

मुलुखिया कडू झाली. कधी होत नाही.

मंगळवार, १ नोव्हेंबर

पहिली! गेल्या आठवड्याच्या आकड्यांत महल्लात पहिली — मी! बासमचा फोन: "मॅडम अतियात, पुढच्या वेळी स्टेज तुमचं!"

बरं वाटलं. दुपारपर्यंत.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

शाहीनाज दारात. काळा झगा. हातात ताट, कुर्स नावाच्या छोट्या गोड पोळ्यांनी भरलेलं. बडीशेपेचा वास अख्ख्या जिन्यात. मेलेल्यांच्या नावाने वाटतात त्या, गुरुवारी.

मी घाबरले. "कोण गेलं?"

"ती. माझी बाई."

"तुला काय माहीत गेली ते?"

"इतके दिवस झाले, ताई. एवढी नेमाची बाई. जिवंत असती तर आली नसती का?" आणि तिने एक कुर्स माझ्या हातात ठेवली. "तिच्या आत्म्यासाठी. तुम्ही फातिहा वाचा. तुमची जीभ कडक आहे, पण तुमचं अल्ला ऐकतो."

पीठ महाग झालंय. नोकरी नाही. नवरा भांडी फेकतो. आणि हिने परातभर कुर्स भाजल्या, कुणासाठी?

"नाव काय घेऊ?" मी विचारलं.

"नाव नको. 'भली बाई' म्हणा. अल्लाला कळेल."

म्हटलं. फातिहा वाचली, तिच्यासमोर उभी राहून, स्वतःच्याच नावाने. मधे एक ओळ चुकले. ती हळूच आठवण करून देत होती.

मग ती वाटत खालच्या गल्लीत गेली. मी दार लावलं आणि कुर्स खाल्ली. नुसती फेकता येत नाही, पाप लागतं. चांगली झाली होती. तीळ जास्त, पण चांगली. अर्धी मालकांना ठेवली होती, तीही मीच खाल्ली.

शनिवार, ५ नोव्हेंबर

हिकमतच्या लेकीला ब्लँकेट हवं होतं. आधी शाहीनाजची लिंक उघडली, मग मागवलं. एकच.

चहा उकळायच्या आत जिन्यावर धाडधाड पावलं. अनवाणीच आली खाली, केस मोकळे — "ताई! जिवंत आहे ती! जिवंत आहे!"

"कोण?" मी विचारलं.