लाल ठिपका चुकीच्या बाजूला

गेल्या सोमवारी सकाळी सव्वाअकराला पडद्यावरची रेघ उसळली नाही, आणि तेव्हापासून माझं काहीच जागेवर राहिलेलं नाही.

मी, खाली सही करणारा, वय बावीस, कॉलेज अर्धवट सोडलेला, प्रयोगशाळेत ‘भडक्या’ म्हणून प्रसिद्ध, डोकं ठिकाणावर असताना, कोणी भरीस न घालता लिहून ठेवतो की माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावं. आई, घाबरू नकोस, जीवबीव देत नाहीये. उद्यापासून जहाजावर कामाला लागतोय. तिथे मृत्युपत्राशिवाय चढू देत नाहीत.

१. सायकल दादाला. चेन उतरली की शिव्या देऊ नयेत. मी देऊन पाहिल्यात.

२. बँकेत असेल ते आणि लोकरीचं जाकीट आईला. बाह्या दुमडून घाल.

३. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजच अमलात यावं. स्फटिक कापण्याची माझी वही, पान एक्केचाळीसवरच्या क्ष-किरण छायाचित्रासह, खालच्या शिंपीकाकांनी प्रयोगशाळेच्या सरांच्या हातात द्यावी.

कारण असं. युरेनियमच्या संयुगाचा तो स्फटिक तांदळाएवढा. एका दिशेने चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं की तो बराच वेळ ढिम्म राहतो आणि मग एकदम उसळतो. दुसऱ्या दिशेने कितीही जोर लावा, जेमतेम हलतो. दिशा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कापणारा लाल शाईचा ठिपका देतो. कापणारा मी. मोजणारी ती, आमची ‘चिमटी’. मोठ्या चुंबकावर तिचा नंबर सहा महिन्यांनी लागला होता, एका दिवसापुरता.

आठ दिवस आधी त्या छायाचित्रावरून मला कळलं, ठिपका चुकीच्या बाजूला दिलाय. दुरुस्त करणं तासाभराचं काम होतं. पण त्याच दुपारी ती सगळ्यांना म्हणाली, “भडक्याचा हात आहे ना, मग मी निश्चिंत.” मी ठिपका तसाच ठेवला.

सोमवारी रेघ सपाट. सर सगळ्यांदेखत म्हणाले, “मोजता येत नसेल तर जागा अडवू नका,” आणि तिला कामावरून काढलं. मी त्यांची कॉलर धरली, वाट्टेल ते बोललो. बोलायचं होतं ते एक वाक्य सोडून.

जिन्यात तिने विचारलं, “तुला माहीत होतं?”

“आठ दिवस.”

“मग आज त्यांच्यावर कशाला ओरडलास? तेव्हा माझ्याशी हळू बोलायचंस ना.”

तिच्याकडून आलेलं एवढंच माझ्यापाशी आहे. ते कोणालाही देत नाही.

४. सरांना काही नाही. कॉलरचं तुटलेलं बटण तेवढं पाकिटात ठेवलंय.

साक्षीदार: तळमजल्यावरचे शिंपीकाका (सही), घरमालकीण काकू (सही, चष्मा शोधून).
ठिकाण: दुसरा मजला, मागची खोली. चौदा मार्च, सकाळ.

ता.क. सही करून शिंपीकाका म्हणाले, “वही मी देईन रे. पण सरांनी विचारलं, आठ दिवस गप्प का बसलास, तर मी काय सांगू?”

कलम तीनमधलं त्यांचं नाव खोडलंय. खोडलेल्या जागी माझी सही आहे. सर अकराला येतात. वही काखेत घेतली, निघालो, दार ओढून घेतो.