रिकामं खोकं मोजायचं नसतं

४ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कर्तृत्वाची नोंद हवी.

संध्याकाळच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्सचा कोर्स सुरू. साहेबांनी स्पष्टच सांगितलंय की कारखान्याच्या स्टोअरचा हेड म्हणून कायम व्हायचं तर शंभरपैकी पन्नास आणा, नाहीतर डिसेंबरात खुर्ची दुसऱ्याला. तीन वर्षं मी हंगामी हेड आहे. बाटल्यांची झाकणं मोजण्यात हयात गेली, मला ही मंडळी सरासरी काय शिकवणार?

मॅडम वयाने धाकट्या मेव्हणीएवढ्या. आठ असाइनमेंट, प्रत्येकी पाच मार्क. मिडटर्म वीस. फायनल चाळीस. आमच्या स्टोअरचा ज्युनियरही याच वर्गात आलाय. कारखान्यात एकटा टाय लावतो, म्हणून टायवाला. बिचारा आपटणार. तोंडावरच लिहिलंय.

११ ऑगस्ट
पहिल्या असाइनमेंटला पाचपैकी साडेचार!! टायवाल्याला तीन.

लेकीकडून कॉम्प्युटरवर तक्ता करून घेतला. मार्क भरले की खाली आपोआप येतं: आत्ताची ग्रेड, ९० टक्के. टायवाल्याला म्हटलं, घरी ये, समजावून सांगतो. नको म्हणाला. विनाशकाले विपरीत बुद्धी.

२५ ऑगस्ट
दुसरी असाइनमेंट सोडवली, पण दोन गणितांत धाकधूक. समजा तीनच पडले, तर ग्रेड एकदम ७५. मग सहज रकाना कोरा ठेवून पाहिला. नव्वदच!

हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं. स्टोअरमध्ये पहिल्या दिवशी शिकतात, रिकामं खोकं मोजायचं नसतं. असाइनमेंट ड्रॉवरमध्ये ठेवली.

८ सप्टेंबर
तिसरीही ड्रॉवरमध्ये. ग्रेड ९०. टायवाला दर वेळी इमानेइतबारे देतो आणि तीन-साडेतीन घेऊन परततो. शिकलेला असून अक्कल नाही.

लेक नववीत. तक्ता बघून म्हणाली, पप्पा, कोरं म्हणजे शेवटी शून्यच धरतात. सांगितलं की कोरं ते कोरं, शून्य ते शून्य. आली मोठी बापाला शिकवणारी! सरासरीची व्याख्या वीस वेळा लिहायला लावली. लिहिली मुकाट्याने. प्रत्येक ओळीत 'एकूण' या शब्दाखाली रेघ मारलीय. शाई फुकट घालवायची सवय आईची.

२२ सप्टेंबर
चौथी असाइनमेंट सोडवली. तीही ड्रॉवरमध्ये.

२९ सप्टेंबर, रात्र
आज मिडटर्म. सकाळपासून डोकं जड. थर्मामीटर अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, म्हणजे जवळजवळ शंभर. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. आजकाल डॉक्टर पेशंटकडे धड बघतही नाहीत. घरीच झोपलो. ग्रेड ९०, तसूभरही हलली नाही.

१३ ऑक्टोबर
पाचवी सोडवलीच नाही. द्यायचीच नाही तर सोडवून हात का दुखवा?

साहेबांनी प्रगती विचारली. नव्वद म्हटल्यावर त्यांनी सगळ्या स्टोअरसमोर पाठ थोपटली. टायवाल्याची मान खाली. सासूबाईंनाही फोन करून नव्वद कळवले. त्यांनी तीनतीनदा विचारलं, खरंच नव्वद? आनंदाने असेल.

२७ ऑक्टोबर
सहावी नाही. ९०.

१० नोव्हेंबर
आज सातवीचा दिवस. घरात नाटक.

निघताना लेक दार अडवून उभी. रडत होती. पप्पा, ही एक तरी द्या, आज नाही दिली तर पुढे काही केलं तरी जमणार नाही, असं काहीतरी. एका हिशोबाचा कागद पुढे करत होती. मी तो फाडला. म्हटलं, तुला गणितात पंचाहत्तर, मला नव्वद, पोटात दुखतंय तुझ्या. जरा जास्तच मोठ्याने म्हटलं. शेजाऱ्यांची खिडकी बंद झाली.

बायको आतून लेकीला म्हणाली, राहू दे ग, त्यांना नको काही सांगूस. निदान एक माणूस तरी माझ्या बाजूने आहे.

१७ नोव्हेंबर
लेक बोलत नाही. घर कसं शांत. अभ्यासाला उत्तम.

२४ नोव्हेंबर
आठवीही नाही. सुताराकडे 'हेड, स्टोअर' अशी पाटी टाकली. टायवाल्याला शब्द दिला की तुला हाताखालून काढणार नाही. थँक्यू सर म्हणाला. संस्कार चांगले आहेत.

१ डिसेंबर
फायनलसाठी आठ दिवस रजा. पहाटे पाचला उठतो. एका गणितावर दोन तास अडलो होतो. लेक पेन्सिल घेऊन शेजारी बसली आणि एक शब्द न बोलता सोडवून दाखवलं. कळलं. खरंच कळलं. पुढची चार माझी मी सोडवली. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तिला तसं सांगणार होतो, पण पोरं डोक्यावर बसतात.

८ डिसेंबर
फायनल. सगळं आलं. सगळं!

१५ डिसेंबर
फायनलला चाळीसपैकी बत्तीस. वर्गात पहिला. मॅडमनी नाव घेऊन सांगितलं, टाळ्या पडल्या.

मग त्यांनी एकूण मार्कांची यादी लावली. टायवाला अठ्ठावन्न. मी साडेछत्तीस.

तक्ता छापून सोबत नेला होताच. मॅडमनी तो बराच वेळ पाहिला. मग अगदी हळू आवाजात विचारलं की तुम्ही काम काय करता. मोजतो, म्हटलं.

१९ डिसेंबर
टायवाला खुर्चीत बसला. सर म्हणणं सोडलं नाही त्याने, तेच जास्त लागलं. पहिलं काम दिलं, मागच्या शेडमधली रिकामी खोकी मोजून आणा. तीनशे बारा भरली. सुताराचा माणूस पाटी घेऊन आला होता. त्याला गेटवरूनच परत पाठवलं.

घरी येऊन ड्रॉवर रिकामा करायला घेतला. तिन्ही असाइनमेंट तशाच होत्या. नाही, तशाच नव्हत्या. लेकीने लाल पेन्सिलने तपासून ठेवल्यात, ज्या त्या आठवड्याची तारीख घालून. पहिल्या पानांवर कोपऱ्यात बारीक अक्षरात मार्क. साडेचार. चार. पाच. शेवटच्या कागदावर 'पप्पा, ही तरी द्या' असं लिहून खोडलंय.

साडेतेरा झाले. साडेछत्तिसांत मिळवले. मग पुन्हा पहिल्यापासून, कागदावर, बोटांवर. मोजण्यात मी चुकत नाही. पन्नास.