तिन्हीसांजेचं बिल

आई, मला काउंटर मिळाला! चिखलोलीच्या नव्या ऑफिसातला, समोर काच आणि बसायला फिरती खुर्ची असलेला. पहिल्या ओळीत हेच लिहून टाकलं, कारण तू असतीस तर मी जिन्यातूनच ओरडत आले असते आणि तू म्हणाली असतीस, "आधी पाय धू, मग बोल." पाय धुतले असं समज. रविवारची दुपार आहे, ऑफिस उद्या सुरू व्हायचंय आणि मी आजच येऊन बसलेय. खुर्ची तीनदा गरगर फिरवून झाली. शेहेचाळीस वर्षांची घोडी झाले, पण काय करू, राहवलंच नाही. लिहायला कागद शोधला तर खणात कोरी पावतीपुस्तकं सापडली. आता ती कुणाच्याच कामाची नाहीत, म्हणून त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितेय.

पण तुला आधी सगळं नीट सांगायला हवं. तू जाऊन अठरा वर्षं झाली आणि तेवढ्यात जग कुठल्या कुठे गेलं. आता टीव्हीची केबल आणि इंटरनेट एकाच वायरीतून येतं, बिलही दोघांचं मिळून एकच. आणि ते भरायच्या तऱ्हा ऐकशील तर तोंडावर पदर घेऊन हसत बसशील. मोबाइलमध्ये कंपनीचं अ‍ॅप असतं, त्यातून भरा. अ‍ॅप नको असेल तर मेसेज येतो, त्यातल्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवा. तेही अवघड वाटलं तर टीव्हीखालच्या बॉक्सवर एक काळ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला असतो, त्याला क्यूआर म्हणतात, त्याच्यासमोर फोन धरला की झालं. काहीच करायचं नसेल तर बँकेला एकदा सांगून ठेवायचं, म्हणजे दर महिन्याला ती आपोआप पैसे कापून घेते, त्याला म्हणतात ऑटोपे. आणि इतकं सगळं सोडून ज्याला नोटाच द्यायच्या आहेत त्याच्यासाठी काउंटर, म्हणजे मी! कुणी जिने चढायचे नाहीत, "सुट्टे नाहीत, उद्या या" ऐकायचं नाही. तुझ्या गुडघ्यांनी हे बघायला हवं होतं गं.

सहा वर्षं मी बदलापुरात केबलची वसुली करत होते, घरोघर फिरून, अगदी तुझ्यासारखी. तीही कुणाकडे, तर तुझ्या उल्हासनगरच्या शेठच्या मुलाकडे. कामाला लागले तेव्हा मला याचा पत्ता नव्हता. पहिल्या दिवशी ऑफिसात हार घातलेला फोटो पाहिला आणि शेठना ओळखलं. मुलानं धंदा अंबरनाथ-बदलापूरपर्यंत वाढवलाय. माणूस चांगला आहे, बोलायला गोड आहे, फक्त वाईट बातमी द्यायची असली की आधी चहा मागवतो. गणपती गेल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि चहा मागवला.

"दीदी, अब घर-घर जाना बंद," ते म्हणाले. "सगळं ऑनलाइन करायचं. तुमच्या एरियात दोनशे घरं आहेत ना? दिवाळीच्या आत दीडशे ऑनलाइन आणा, चिखलोलीचा काउंटर तुमचा. नाही आले तर मग मी पण काय करणार? तुम्हीच बोला."

तुझ्या जावयांचा एमआयडीसीतला ओव्हरटाइम बंद झालाय, नातीचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे. काम गेलं असतं तर शेहेचाळिसाव्या वर्षी मला नवीन कोण देणार होतं? चहा तसाच टाकून मी निघाले आणि पेटलेच. सकाळी दोन सोसायट्या, संध्याकाळी दोन. प्रत्येकाच्या सोफ्यावर बसून, चष्मा वर-खाली करत, फोनमध्ये ऑटोपे लावून दिला. सगळ्यांना तारीख एकच दिली, म्हणजे मला लक्षात ठेवायला सोपं. पंधरा दिवसांत सव्वाशे घरं झाली! मालकांनी ऑफिसच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला. मी तर मनातल्या मनात या खुर्चीत बसलेसुद्धा होते.

आणि ती तारीख आली नवरात्रातल्या शुक्रवारी. बँकेनं पैसे कधी कापावेत? संध्याकाळी सातला. म्हणजे घरोघरी घट बसलेले, बायका देवीपुढे दिवा लावतायत, आणि टिंग! खात्यातून पैसे गेले. पुन्हा बाजूच्या घरात टिंग. पहिला फोन आला एका सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा. एकट्याच राहतात, मुलगा पुण्याला असतो.

"अगं बाई, काय केलंस हे? हातात काडी होती माझ्या. इकडे दिवा लावतेय आणि तिकडे घरातली लक्ष्मी चालली! तिन्हीसांजेला कुणी पैसे बाहेर काढतं का? तेही शुक्रवारचं?"

मी म्हटलं, "आजी, मी नाही काढले, बँकेनं काढले."

"बँकेला घरदार नसतं. तुला आहे ना?"

आठ वाजेपर्यंत माझा फोन तापून निखारा झाला. आजींनी अख्ख्या भजनी मंडळाला सांगितलं होतं. सगळेच काही देवीमुळे चिडले नव्हते. विहाराजवळच्या शिक्षिकाबाई हसून म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत हो, पण माझा पगार जमा होतो सात तारखेला. तुम्ही आधीच कापायला गेलात, बँकेनं दंड लावला ना!" स्टेशनजवळच्या सिंधी दुकानदाराची तर वेगळीच तऱ्हा. त्याचे पैसे त्याच्या बँकेनं सकाळीच दुकान उघडता उघडता कापले होते. "बोहनी से पहले पैसा गया, पूरा दिन खराब," म्हणून तो दिवसभर धुमसत होता. सोमवारपर्यंत सव्वाशेतल्या ऐंशी घरांनी ऑटोपे बंद करून टाकला. मालकांनी मला बोलावलं. चहा मागवला.

घरी येऊन कणीक मळायला बसले आणि परातीत डोळ्यांतलं पाणी पडायला लागलं. आणि मग, कशी कोण जाणे, तू आलीस.

मी दहा वर्षांची आहे, मे महिन्याची सुट्टी. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये तू वसुलीला निघालीयस, खांद्याला ती खाकी पिशवी, आणि घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून मी तुझ्या मागे. फर्निचरच्या दुकानापाशी आपण थांबतो. दुकानदार म्हणतो, "बैठो बहन, बोहनी नहीं हुई." तू स्टुलावर बसतेस आणि पंख्याकडे बघत राहतेस, जणू पंखाच बघायला आलीयस. मला लागलीय तहान, आणि कंटाळाही आलाय. मी मोठ्यांदा म्हणते, "आई, माग ना पैसे, जाऊ ना आपण!" दुकानदाराचा चेहरा पडतो. तू माझा दंड असा दाबतेस की आजही आठवलं की हात तिकडे जातो. मग एक गिऱ्हाईक येतं, खुर्ची घेतं. दुकानदार पहिली नोट डोळ्यांना लावतो, गल्ल्यात ठेवतो, आणि आपणहून तुला हाक मारतो. बाहेर आल्यावर तू मला सावलीत उभं करतेस. "पैसे मागायचे नसतात," म्हणतेस, "वेळ बघायची असते. वेळ बघितली की लोक स्वतःच्या हातानं देतात." मी रडत असते म्हणून ऐकत नाही, असं तुला वाटलं असेल. ऐकत होते.

तुला सगळ्यांच्या वेळा पाठ होत्या. कुणाच्या घरी पगाराच्या दुसऱ्या दिवशी जायचं, कुणाकडे अमावास्या टाळायची, कुणाकडे नवरा घरी नसताना जायचं, कारण तो असला की बायकोला उगाच बोलणी बसतात. एका सिंधी आजीकडे दुपारीच जायचं, कारण तिला बोलायला कुणी हवं असायचं. ती आधी पापड आणि पाणी पुढे करायची आणि मग पैसे. आणि शुक्रवारी संध्याकाळी तू कुठेच जायची नाहीस. ती एकच संध्याकाळ तू घरी असायचीस. स्टोव्हवर चिंच-गुळाच्या आमटीत कणकेच्या चकोल्या रटरटायच्या, तू त्या कापता कापता एक कच्चीच माझ्या तोंडात घालायचीस. मला वाटायचं, देवीनं शुक्रवार माझ्यासाठीच केलाय.

कणकेचे हात तसेच घेऊन मी उठले आणि घरांची यादी काढून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून दोनशेच्या दोनशे घरांना फोन लावले, आणि एकच प्रश्न: "तुमची वेळ कोणती?" बस! आई, लोक असे खुलले की काय सांगू! कुणी म्हणे पेन्शनचा दिवस, कुणी म्हणे मुलगा पैसे पाठवतो त्याच्या दुसऱ्या दिवशी. शिक्षिकाबाईंची तारीख आठ. दुकानदाराला साडेअकरानंतर मेसेज पाठवायचा, बोहनी झाली का, हे मीच आधी फोन करून विचारते. ज्यांना ऑटोपे चालतो त्यांना तो लावून दिला, फक्त तारीख त्यांची. आणि ज्यांना आपली लक्ष्मी आपल्याच हातानं द्यायची आहे त्यांना सकाळी दहाला मेसेज, निळ्या अक्षरांवर उजव्या हाताचं बोट ठेवायचं. आजी तर देवपूजा आटपून, बोटातली अंगठी सारखी करून, नमस्कार करून बोट टेकवतात.

मध्ये दसरा आला आणि एक गंमतच झाली. आजींनी फोन केला, "तुझा तो चौकोन चालत नाही." जाऊन बघते तर बॉक्सला झेंडूचा हार आणि क्यूआरच्या बरोब्बर मधोमध हळदकुंकवाचं ठसठशीत बोट! घरातली सगळी यंत्रं पुजली, मग यानंच काय पाप केलंय, असं त्यांचं म्हणणं. फोन बिचारा त्या कुंकवाकडे बघून गोंधळत होता. दुसरा चौकोन चिकटवून दिला, तर आजी विचारतात, "पुढच्या वर्षी कुंकू लावायचं असेल तर कुठे लावू?" मी म्हटलं, कोपऱ्यात लावा. आता खालच्या मजल्यावरच्यांनीही कोपऱ्यातच लावलंय. हसून हसून माझ्या पोटात दुखलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे होणार.

आणि झालं! दिवाळीच्या चार दिवस आधी एकशे अठ्ठ्याहत्तर घरं. राहिलेली बावीस काउंटरवर येऊन नोटा देणार आहेत, त्यांनीही आपापला वार सांगून ठेवलाय. मालकांनी सगळ्यांसमोर ही जागा माझ्या नावानं केली, आणि मिठाई मागवली. चहा नाही, मिठाई! अंबरनाथच्या मुलींनाही हीच पद्धत शिकवा म्हणाले. मी घरी येईपर्यंत रिक्षात एकटीच हसत होते, रिक्षावाला आरशातून बघत होता.

पण मिठाई खाताना जे झालं ते तुला सांगायलाच हवं. मालकांनी विचारलं, "दीदी, ये टाइमवाला आयडिया आया कहाँ से?" मी म्हटलं, "असंच सुचलं." ते मान हलवत म्हणाले, "पता है, पप्पांच्या टाइमला एक बाई होती कॅम्प चारला. पप्पा हमेशा बोलते थे. शुक्रवारी संध्याकाळी ती कधी जायची नाही, बोहनीच्या आधी तोंड उघडायची नाही, आणि तिचं एक घर बाकी राहायचं नाही. पप्पा शेवटी-शेवटी पण बोलायचे, वैसी फिर नहीं मिली." आई! इतक्या वर्षांनी, तुला न पाहिलेल्या माणसाच्या तोंडी तू होतीस! आणि मी काय म्हटलं असेल?

मी म्हटलं, "हो का?"

एवढंच. आणि बश्या उचलायला लागले. कामाला लागले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, आई काय करायची, तर मी सांगितलं होतं, घरीच असायची. सासरीही हेच सांगितलंय, लग्नाच्या आधीपासून. शाळेत मुली मला "केबलवालीची" म्हणायच्या, ते जे अंगाला चिकटलं ते मी स्वतः सहा वर्षं जिने चढले तरी सुटलं नाही. तुझी मला लाज नव्हती गं. होती. खोटं कशाला बोलू, होती.

आज ठरवून आले होते की इथून मालकांना फोन करायचा आणि सांगायचं. तीनच शब्द आहेत: ती माझी आई. फोन समोर आहे, त्यांचा नंबर काढून ठेवलाय. पाच वाजत आले. ते तीन शब्द त्यांना सांगायचे होते, आणि मी कुठेच न जाणारी ही एवढी पानं तुला लिहीत बसले.