समास कोरा आला

प्रिय ताई,

आज इथे सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर तुझ्या गावच्या सभेचं इतिवृत्त आलं. तू गेल्यानंतरचं पहिलंच. पाकिटावर तुझं अक्षर नव्हतं, मेयरचं होतं. आत सगळं छापील फ्रेंच, आणि समास कोरा! तुझ्या पेन्सिलीतलं मराठी कुठेच दिसेना, तेव्हा राहवलं नाही आणि हे लिहायला बसले.

फ्रान्समधलं दीडशे वस्तीचं ते गाव, त्याची अकरा जणांची सभा, आणि त्यात निवडून आलेली पुण्याची तू! मेयरला पहिल्या दिवसापासून तू 'सरपंच' म्हणायचीस. दर सभेचं इतिवृत्त समासात टिपा लिहून मला धाडायचीस. आणि मी? पाया लेबार भागातलं ऑफिस गाठायच्या घाईत ते पाकीट न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकायचे. वर मेसेज करायचे, "वाचलं गं, मस्त!" खोटं बोलायचे तुझ्याशी, ताई.

आज सगळी पाकिटं फोडली. "सरपंच गोठ्यातून थेट आले, बुटांना शेण." "पावाची गाडी बंद करणार म्हणे! मी जाम भांडले. माझ्या फ्रेंचला दोघं हसले, पण गाडी राहिली." अख्ख्या गावाचा पाव वाचवलास आणि मला पत्ताच नाही!

प्रत्येक इतिवृत्तात वरच एक ओळ आहे, तिचा अर्थ तूच शेजारी लिहिलायस: सभा ऐकायला आलेले लोक किती. दरवेळी तिथे शून्य. आणि दरवेळी त्या शून्यापुढे तू लिहिलंयस, "तुझी खुर्ची ठेवलीय."

एवढंच मागत होतीस ना गं? आपल्यातल्या कुणीतरी मागे बसून तुला बोलताना ऐकावं, एकदाच. मी काय काय सांगितलं! व्हिसा, सुट्टी, रियाची परीक्षा. रिया तर म्हणायची, "आई, जस्ट गो लाह! मावशी इज वेटिंग." मी तिलाच गप्प केलं.

पण तूही कमी नाहीस हं. गावच्या गटारापासून पावापर्यंत सगळं लिहिलंस, आणि छातीत दुखतंय हे कुठल्याच समासात नाही. का लपवलंस? मला सांगितलं असतंस तर मी आले असते. आले असते ना? हे आता मलाही खात्रीने सांगता येत नाही, आणि तेच सहन होत नाही.

तुला निरोप दिला तो मोबाईलच्या पडद्यावर. व्हिसा नंतर हातात आला. आता जाऊन काय करू, म्हणून पासपोर्ट कपाटात ठेवून दिला होता. आज बाहेर काढलाय. व्हिसाची मुदत अजून आहे.

पुढच्या सभेला मी येतेय, ताई. शब्दही कळणार नाही, तरी शेवटपर्यंत बसेन. समासात काय लिहायचं ते मी लिहीन. त्या ओळीत पहिल्यांदा 'एक' असं येईल, आणि ते वाचायला तू नसशील. तरी येते.

कायम उशिरा पोचणारी,
तुझी मनू