पुढच्या सीटवरचं पाणी

सोमवार, ३

आलो एकदाचा. सामान म्हणजे दोन ट्रंका आणि एक गादी, त्यामुळे मांडामांड दुपारपर्यंत आटोपली. पाणीपुरवठ्याचं क्वार्टर आहे, दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत खुर्ची टाकून बसलं की रस्त्यापलीकडे तळं दिसतं, इतकं मोठं की समोरचा काठ नुसती रेघ. माझं पंपघर त्याच काठावर आहे. रस्ता ओलांडला की कामावर. इतकी सोयीची बदली आजवर मिळाली नव्हती.

देवाची तसबीर पूर्वेच्या भिंतीला लावली. तिच्याखाली हिचा फोटो. ही जाऊन दीड वर्ष झालं. मी तेव्हा रडलो नाही आणि नंतरही नाही. जेवतो, झोपतो, कामाला जातो. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं आत झालंय. दाबून बघावं तर आपलंच असून आपलं वाटत नाही. लेक म्हणते, बाबा, काहीतरी नवीन शिका, नाहीतर गंजून जाल. ती शिकायला लांब असते. तेवीस तारखेला, रविवारी, आठ दिवसांसाठी येणार आहे. एवढं एकच माणूस मला उरलंय. गावच्या शाळेत गुरुजींनी रोज चार ओळी लिहायची सवय लावली होती, ती मात्र टिकून आहे.

पंपघरातला फिटर हसरा माणूस आहे. पहिल्याच चहाला त्याने विचारलं, भाऊ, पोहता येतं का? येतं म्हटल्यावर म्हणाला, मग सुट्टीला घरात बसून भिंतींना कंटाळा आणू नका, इथे सगळे कयाकवर, त्या अरुंद वल्ह्याच्या बोटीवर, बसून मासे धरतात.

गुरुवार, ६

फिटरने एका म्हाताऱ्याकडे नेलं. सगळे त्यांना सलूनकाका म्हणतात. सलून मात्र बंद आहे. बोटांना स्पर्श कळेनासा झाला, गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली तरी हाताला पत्ता नाही, म्हणून धंदा सोडला, असं फिटरने वाटेत सांगितलं. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, आता त्यांची कयाकही विकायची आहे.

बोट पोपटी रंगाची, जाड प्लास्टिकची, वर बसून चालवायची. आहे दोन माणसांची. वल्हवणारा मागे, सोबतीचा पुढे, दोघांची तोंडं एकाच दिशेला, म्हणजे मागच्याला पुढच्याची पाठ तेवढी दिसते. गळाच्या काठ्या खोचायला दोन नळ्या आहेत. वल्हं हातातून सुटलं तर वाहून जाऊ नये म्हणून त्याला दोरी. कुठे किती खोलीवर मासा लागला ते तिथल्या तिथे टिपायला हवं, म्हणून काकांनी एक पाणी न शिरणारी पिशवीही दिली. माझी ही वही तिच्यात बरोबर मावते.

एकटा माणूस मागे बसला की बोटीचं पुढचं टोक वर उठतं आणि वारा तिला भोवऱ्यासारखं फिरवतो. म्हणून पुढच्या सीटवर वजन लागतं. त्याची इथली एक पद्धत आहे. निळा कॅन तळ्यातच भरायचा, पुढच्या सीटवर ठेवून पट्ट्याने आवळायचा आणि परतताना काठाला लागायच्या आधी पाण्यात ओतून द्यायचा. रिकामा कॅन घेऊन घरी. काकांनी हे परत परत बजावलं, मी मान डोलावली तरी बजावलं. तळ्यातला शेवाळ-गाळ इकडेतिकडे पसरू नये म्हणून असेल. पाण्याच्या खात्यातल्या माणसाला हे कळतं.

लेकीला फोन केला. तिला हसू आवरेना. म्हणाली, पुढची सीट माझी, त्या कॅनला सांगून ठेवा, तेवीसपर्यंतच.

रविवार, ९

आज नुसतं पडायला शिकलो. आधी बोट उलटी करायची, मग पाण्यातून तिच्यावर परत चढायचं, हे जमल्याशिवाय फिटर गळाला हात लावू देईना. पहिल्यांदा चढलो तो पलीकडून पाण्यात. दुसऱ्यांदा पोटावर आडवा पडून लटकत राहिलो. काठावरून फिटर ओरडला, भाऊ, वाळत घातलंय का स्वतःला? तिसऱ्यांदा जमलं. पाय लाथाडायचे, छाती बोटीवर ओढायची, मग कूस बदलून बसायचं. मध्ये उभं राहायचं नाही, पाण्यात असताना जागा बदलायची नाही.

दीड वर्षात आज पहिल्यांदा भूक लागली म्हणून जेवलो.

बुधवार, १२

दुपारची पाळी होती, म्हणून सकाळी एकटाच गेलो. काठावरच्या लव्हाळ्याच्या कडेने हळूहळू वल्हवत राहिलो. कॅन पुढे बांधलेला. ऊन पाठीवर, पाणी स्तब्ध. माणूस बसल्यासारखा तो कॅन समोर दिसत होता आणि खरं सांगायचं तर सोबत वाटत होती. थोड्या वेळाने काठी वाकली. हातभर नाही, वीतभर मासा. त्याचं तोंड उघडमीट होत होतं. देवाचं नाव घेतलं, गळ सोडवला आणि त्याला परत पाण्यात सोडलं. फिटरला सांगितलं तर म्हणाला, मग बाजारात जाऊन नुसते मासे बघून या की.

येताना कॅन ओतला नाही. शनिवारी पुन्हा जायचंच आहे, तो जड डबा वाकून पुन्हा कुठे भरत बसा. झाकण घट्ट केलं आणि बोटीच्या गाड्यावर ठेवून घरी आणला. पाय फार आंबले होते. कॅन उन्हात राहून पाणी कोमट झालं होतं, त्यातलं निम्मं घमेल्यात ओतून पाय सोडून बसलो. दुखणं क्षणात गेलं. जणू पायच नव्हते.

शनिवार, १५

चालताना घरभर लाल ठिपके दिसले. शोधत गेलो तर ते माझ्याच टाचेतून. गळ रुतला होता, आकड्यापर्यंत. पकडीने काढला. काही दुखलं नाही. दोन्ही पाय घोट्यापर्यंत बधिर आहेत.

कॅन काठोकाठ भरलेला आहे. निम्मा मी ओतला होता. ओतला होता ना?

बोट काढली नाही.

सोमवार, १७

आता गुडघ्यांपर्यंत.

पडवीतला कॅन सकाळी जेवणाच्या टेबलाशी होता, माझ्या समोरच्या खुर्चीत. कॅनची मूठ टेबलाकडे असायला हवी तर ती भिंतीकडे. पाठ करून बसल्यासारखा. झोपेत मीच आणून ठेवला असेन. पुसून पडवीत नेला, आंघोळ केली, पूजा आटोपून आलो. पुन्हा खुर्चीत.

मी त्याच्यामागे बसून चहा प्यायलो. देवाला एवढंच म्हटलं की मला भीती वाटायला हवी, ती का वाटत नाही.

शुक्रवारी मोठी टाकी धुवायची आहे, दिवसभर पंप बंद राहणार. घराघरांत पाणी भरून ठेवा म्हणून सूचना लावली. माझ्याच सहीने.

बुधवार, १९

फिटरला विचारलं की कॅन घरी नेला तर काय होतं. तो हसला नाही. इतका बोलका माणूस, कपातला चहा बाहेर ओतला आणि उठून गेला. जाता जाता म्हणाला, आजच्या आज टाकून या.

टाकून आलो. तळ्याच्या मध्यावर जाऊन सगळं पाणी ओतलं, मग कॅनही बुडवला. बुडबुडे थांबेपर्यंत बघत राहिलो. पुढची सीट रिकामी झाली. आता पुढचं टोक वर उठायला हवं होतं.

उठलं नाही. येताना सगळा वेळ खालीच होतं.

शुक्रवार, २१

टाकीत उतरलेल्या माणसांजवळ दिवसभर उभा होतो. कमरेखाली काही कळत नाही, पाय बघून टाकावे लागतात. पंप बंद, सगळ्या गावाचे नळ कोरडे.

संध्याकाळी घरी आलो तर दार उघडं. लेक आली होती. दोन दिवस आधी, मला चकित करायला. शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली म्हणे. केस ओले होते. म्हणाली, बाबा, नळाला टिपूस नाही, पण तुम्ही माझ्यासाठी न्हाणीत पाणी भरून ठेवलं होतं, मला वाटलं होतं तुम्हाला आता काही लक्षातच राहत नाही. सगळं वापरलं, रागावू नका. प्रवासाचा शीण असा गेला की अंग आहे की नाही ते कळत नाहीये.

न्हाणीत निळा कॅन. काठोकाठ भरलेला.

बोललो असतो तर ओरडलो असतो. दीड वर्षाने आत काहीतरी दुखलं, आणि ते हे.

शनिवार, २२

तिने गॅसवरचं पातेलं हातांनी उचललं. चिमटा न घेता. मग तळवे बघत बसली, आणि हसली — गंमत बघा बाबा.

टेबलाशी माझ्याकडे पाठ करून बसते. इकडे तोंड कर म्हटलं, तर म्हणते, इथूनच बरं दिसतं. तिच्यासमोर भिंत आहे.

सलूनकाकांकडे गेलो. त्यांनी दार उघडून माझे पाय बघितले, मग विचारलं, अजून कोण? लेक म्हटल्यावर खालीच बसले. हळूहळू सांगितलं. तळ्यात काहीतरी आहे, त्याला सोबत लागते. पुढे बसवून फिरवून आणायचं आणि परत सोडायचं, एवढ्यावर ते राजी असतं. घरी नेलं की राहायला येतं, ते पाणी लागेल त्याच्या अंगात. कॅन त्यांनीच नेला होता, न्हाली त्यांची बायको. तळ्याने परत मागितलं तेव्हा ते तिला घेऊन गेले. ती पुढे, ते मागे. मध्यावर पोचल्यावर पुढे कुणी नव्हतं. बोट हललीसुद्धा नाही.

मी विचारलं, उपाय?

म्हणाले, पुढे बसेल त्याला ते घेतं. मागच्याला सोडतं. जागा बदलायची होती हो, एवढंच करायचं होतं. माझी हिंमत झाली नाही, म्हणून माझी बोटं तेवढी त्याने ठेवून घेतली.

उद्या ते काठावर थांबणार आहेत. बोटीच्या मागच्या कडीला लांब दोरी बांधू. तिला एकटीने परत वल्हवत येता येणार नाही. ते ओढून घेतील.

रविवार, २३

सकाळ. देवापुढे हात जोडले. जोडले गेले की नाही ते बघून खात्री केली.

पुढची सीट माझी म्हणून ती रुसली. मी म्हटलं, नवशिक्या आहे गं मी, मागून तू सांभाळ. कबूल झाली. लाइफ जॅकेटचे पट्टे मी आवळले, दोनदा. माझं घातलं नाही. तिने पाहिलं नाही.

—

तळ्यावर. वही पिशवीतून काढली. तिला सांगितलं, खोली टिपतोय.

काका काठावर आहेत. फिटरही आलाय. दोघांच्या हातात दोरी.

पुढचं टोक माझ्या वजनाने खाली गेलंय. त्याहून थोडं जास्तच.

बधिरपण छातीपर्यंत आलं. श्वास बघावा लागतो.

तिला विचारलं, काही जाणवतं का हातांना? नाही म्हणाली. मग कुठे जायचं बाबा, विचारते. मध्यावर, म्हटलं.

पाणी अगदी स्तब्ध. मांडीवरचं कापड ओलं होऊन दबलंय, कुणी बसल्यासारखं. दिसत नाही. मी सरकून त्याला जागा दिली — सवयीने.

पुन्हा विचारलं. नाही म्हणाली.

देवा, मला घे म्हणत नाही, तू नाहीस घेणारा. फक्त तिला —

वल्ह्याचा आवाज थांबला. ती किंचाळली. मागे वळता येत नाही, मान —

बाबा, पाणी गार आहे म्हणाली. बोटं झोंबतायत म्हणाली, भाजल्यासारखी. रडतेय. लहानपणी रडायची तशी, मोठ्याने.

गार लागतंय तिला. गार लागतंय.

दोरी ताणली गेली. काकांना हात करायचा आहे. माझा हात कुठे ते —