बादलीने लिफ्टने जावे काय?

तीर्थरूप ताई यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा आदरपूर्वक नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? साडूभाऊंचा खोकला थांबला का, की तुम्ही पाठ वळवलीत की ते अजूनही गच्चीवर ‘मोकळी हवा’ खायला जातात? (त्या हवेतून धूर निघतो हे मला कुणी सांगितलं ते विचारू नका. त्यांनीच सांगितलं.) माझी प्रकृती उत्तम आहे. जेवतो, झोपतो, दाढी करतो. तुम्ही लिहिलं होतंत की चार ओळींत कळवा, आमच्याकडे राहायला येताय की नाही. चार ओळींत कळवायला बसलो होतो, पण मध्ये एक प्रकार घडला, आणि तो सांगितल्याशिवाय हो किंवा नाही म्हणता येत नाही. तुम्हाला माहीतच आहे, मी मुळात बोलणारा माणूस नाही. त्यामुळे एकदा लिहायला लागलो की साठलेलं सगळंच बाहेर येतं. वाचताना मध्ये चहा घ्या.

माझं ठरलं होतं ते असं. तुमची बहीण गेल्यावर इथे माझं उरलं होतं काय, तर तिचा तो महिन्यातून एकदाचा सिनेमा. इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत लोकांना जमवायचं, माणसाच्या हक्कांबद्दलचा एखादा सिनेमा दाखवायचा आणि मग त्यावर सगळ्यांना बोलतं करायचं, ही तिची टूम. माझं काम खुर्च्या मांडणं, चादर ताणून बांधणं आणि चर्चा सुरू झाली की मागच्या मोरीत कप विसळणं. बोलणं तिचं, विसळणं माझं. आमच्या संसाराचीही साधारण हीच विभागणी होती. ती गेल्यावर मी सिनेमा दाखवत राहिलो, पण चर्चा काही होईना. सिनेमा संपला की दिवे लागायचे, माणसं एकमेकांकडे बघायची, आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, “बिस्किटं छान आहेत.” त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत व्हायचं.

तेव्हा इमारतीच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. (बोलण्याआधी दोनदा घसा खाकरतात ते. तुमच्या बहिणीच्या दिवसकार्याला आले होते तेव्हाही आधी खाकरले आणि मग रडले.) म्हणाले, चर्चेशिवाय सिनेमा म्हणजे नुसती करमणूक, आणि करमणुकीसाठी लोकांना त्या खोलीत टेबल-टेनिस हवंय. या महिन्यात चर्चा झाली तर ठीक, नाहीतर खोली टेबल-टेनिसला. मी मनात म्हटलं, खोली गेली तर इथे कुणासाठी खुर्च्या मांडायच्या? घराला कुलूप लावायचं आणि ताईंकडे जायचं. तुम्ही माझ्यासाठी खोली रिकामी करून, भिंती रंगवूनही ठेवल्यात. तुमच्याकडे यायला मला आवडत नाही असं मुळीच नाही, एवढं इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे राहून जाईल.

आता चर्चा घडवायची कशी हे मला कोण सांगणार? जन्मभर मी इस्पितळात एक्स-रे काढले. लोकांशी माझं बोलणं म्हणजे श्वास घ्या, रोखा, सोडा. एवढ्यावर मानवी हक्कांची चर्चा उभी राहत नाही. पण एक गोष्ट मला येते, ती म्हणजे अंधार करणं. मागच्या वेळी लोक उशिरा येत होते, सारखं दार उघडत होतं, चादरीवरचं चित्र पांढरं पडत होतं. म्हटलं, चर्चा होत नाही कारण कुणाला सिनेमाच धड दिसत नाही. मग मी कामाला लागलो. खिडक्यांना काळा कागद लावला. फटींना चिकटपट्टी लावली. मोबाइल चमकतात म्हणून दारातच टोपली धरून सगळ्यांचे मोबाइल गोळा केले आणि टोपली रखवालदाराच्या हवाली केली. दारावर आमच्या एक्स-रे खात्याचा लाल दिवा लावला. (निवृत्तीच्या दिवशी मला भेट म्हणून मिळाला होता. तिथली खोली नवी होणार होती, तो तसाही टाकायचाच होता.) रखवालदाराला बजावलं, “बाहेरून कडी लाव. सिनेमाची वेळ संपली की लाल दिवा बंद कर. तो चालू आहे तोवर उघडायचं नाही. अध्यक्षांनी हाक मारली तरी नाही.” तो नवीन आहे, भला आहे, सांगितलं की ऐकतो. हेच पुढे नडलं.

सिनेमा तुमच्या बहिणीनेच निवडून ठेवलेला, शेवटचा. एका मोठ्या दुकानात काम करणारी बाई. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा तिथला नियम. पाय सुजतात, मालकाला दया येत नाही. शेवटी एके सकाळी ती घरून स्टूल घेऊन येते, गल्ल्यामागे ठेवते, मालक समोरून चालत येतो, ती हळूहळू खाली वाकते, आणि फट्! प्रोजेक्टरचा दिवा उडाला.

ताई, मी केलेला अंधार साधा नव्हता. एक्स-रेची फिल्म धुवावी असा अंधार. स्वतःचा हात स्वतःला सापडेना. खोलीच्या दिव्यांची बटणं बाहेरच्या बोळात आहेत, हे मला माहीत होतं. पण ते आत अडकल्यावर आठवून काय उपयोग? कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय दिला, एक खुर्ची पडली, बायका ओरडल्या. मी घाबरून तोंडातून जे येतं तेच बोललो, मोठ्याने, खात्यातल्या आवाजात : “श्वास घ्या. रोखा. हलू नका.” आणि काय सांगू, अख्खी खोली श्वास रोखून बसली. कुणी हलेना. थोड्या वेळाने आमच्या इमारतीतला शिंपी गुदमरत म्हणाला, “काका, सोडू का?” मी म्हटलं, “सोडा.” सगळ्यांनी एकदम सोडला. हसण्याचा तो पहिला स्फोट.

अध्यक्ष चाचपडत दाराशी गेले, खाकरले, दार वाजवलं. “अरे उघड, मी अध्यक्ष बोलतोय!” बाहेरून रखवालदार म्हणाला, “दिवा लागलाय साहेब.” अध्यक्ष म्हणाले, “अरे, पण मी सांगतोय ना!” तो म्हणाला, “काकांनी तुमचं नाव घेऊनच सांगितलंय, उघडायचं नाही.” मग मी ओरडून सांगितलं की मी काका बोलतोय, उघड. तो म्हणाला, “काका असे ओरडत नाहीत.” हे खरंच होतं. निदान खोलीचे दिवे तरी लाव म्हटलं, तर म्हणाला, लाल दिवा आहे तोवर तेही नाही. सिनेमाची वेळ संपेपर्यंत सुटका नव्हती.

मग अंधारात कुणीतरी मला विचारलं, पुढे काय होतं, ती बसते का? मला ठाऊक नव्हतं. मी सिनेमा लावून पाहिला होता तो फक्त यंत्र नीट चालतं का हे बघायला, आणि नेमका तिथेच बंद केला होता. असं सांगितल्यावर गलका झाला. प्रत्येकाला शेवट ठाऊक! अध्यक्ष म्हणाले, नियम मोडला, कामावरून काढतील. शिंपी म्हणाला, मालक विरघळेल. (तो स्वतः दिवसभर बसून असतो, त्याला बसण्याबद्दल फार ममता.) तेवढ्यात मागून एक जाडसर, मुद्दाम बदललेला बाईचा आवाज आला, “त्या बाईला स्टूल नाही म्हणून सगळे मुसमुसत होतात. आपल्या मावशी या खोलीत कुठे असतात? दाराजवळ, उभ्या.”

मावशी म्हणजे आमचा जिना झाडणाऱ्या, पुसणाऱ्या बाई. दर सिनेमाला येतात आणि भिंतीला टेकून उभ्या राहतात. आम्ही कुणी त्यांना उभं राहा म्हणालो नाही. बसा असंही म्हणालो नाही.

अध्यक्ष खाकरून म्हणाले, “आवाज ओळखीचा वाटतोय.” तो जाडसर आवाज म्हणाला, “संसार करून एवढी वर्षं झाली, आवाज तरी ओळखीचा वाटला म्हणायचं.” अध्यक्षांच्याच सौभाग्यवती! खोली दणाणली. उजेडात या बाई नवऱ्यासमोर सिनेमाबद्दल अक्षर काढत नाहीत. मग तर धरणच फुटलं. कुणी म्हणालं, खोलीतलं सोडा, लिफ्टमधल्या पाटीचं बोला. (आमच्या लिफ्टमध्ये पाटी आहे : सफाई व घरकाम करणाऱ्यांनी जिना वापरावा. मी ती रोज पाहत होतो. मला वाटायचं, पाटी आहे म्हणजे काहीतरी कारण असेल.) कुणी म्हणालं, मावशी भरलेली बादली घेऊन सगळ्यात वरच्या मजल्यावर चढतात आणि मग खाली पुसत येतात. कुणी म्हणालं, मावशींनाच विचारा ना. सगळे दाराच्या दिशेला तोंड करून “मावशी, मावशी” करू लागले.

मावशींचा आवाज आला तो उलट्या बाजूने, अगदी पुढून. “मी इथे बसलेय. अंधारात पाय दुखायला लागले, हाताला एक मोकळी खुर्ची लागली.”

ताई, पहिल्या रांगेत कडेची एक खुर्ची मी रिकामी ठेवत असे. तुमची बहीण तिथे बसायची. तिथे मी कुणाला बसू देत नव्हतो, पाठीला तिचा रुमाल बांधून ठेवला होता. शिंपी एकदा बसायला गेला तर मी त्याचा दंड धरून उठवला होता, आणि तुम्हाला माहीत आहे, मी कुणाला हात लावणारा माणूस नाही. मावशी म्हणाल्या, “काका, उठू का? रुमाल लागला हाताला, तेव्हाच कळलं कुणाची आहे ते.” कुणाला माझा चेहरा दिसत नव्हता हे फार बरं झालं. मी म्हटलं, “बसा. त्यासाठीच असते खुर्ची.” पुढे काही बोलायची गरज पडली नाही.

कारण मावशींनी लगेच विषय हातात घेतला. म्हणाल्या, लिफ्ट मला नकोच हो, मला तिच्यात धडधडतं. माझी बादली तेवढी वर जाऊ द्या. मी जिन्याने येते. अध्यक्ष खाकरले. नियम माणसांबद्दल आहे, म्हणाले, बादलीला लागू होत नाही. बादली खुशाल जावी. शिंपी म्हणाला, बटण कोण दाबणार? अध्यक्ष म्हणाले, मावशींनी आत हात घालून दाबावं आणि बाहेर पडावं. सौभाग्यवती म्हणाल्या, आणि वर बादली उतरवणार कोण? अध्यक्ष म्हणाले, मावशीच, त्या जिन्याने धावत जातील. शिंपी म्हणाला, म्हणजे पाणी आरामात बसून जाणार आणि बाई धावत त्याच्या स्वागताला? आणि मध्येच कुणी खाली बटण दाबलं तर बादली परत खाली, आणि मावशीही परत खाली? अध्यक्ष म्हणाले, “तसं झालं तर...” आणि थांबले. तुम्हाला सांगतो, त्या अंधारात एक नियम आपल्याच पायात पाय अडकून पडताना मी कानांनी ऐकला. आधी सौभाग्यवती हसल्या, मग मावशी, आणि मग चक्क अध्यक्ष. ते हसतानाही आधी खाकरतात.

मग मतदान. अध्यक्ष सवयीने म्हणाले, पाटी काढावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी केले असावेत. दिसत कुणालाच नव्हते. पण अध्यक्षांना मोजल्याशिवाय ठराव मानवत नाही, म्हणून ते रांगेरांगेतून हात चाचपत निघाले. एका हाताशी अडखळून म्हणाले, “हा कुणाचा? दोन्ही वर केलेत!” “माझे,” सौभाग्यवती म्हणाल्या, “एक तुमच्या वाटचा.” ठराव मंजूर झाला. अध्यक्षांनी तोही खाकरून जाहीर केला, आणि वर म्हणाले की चर्चा झाली हे मी नाकारू शकत नाही, कारण मी तिच्यात हरलो आहे. टेबल-टेनिस गच्चीवर जाईल. रखवालदाराने दार उघडलं तेव्हा उजेडात सगळे डोळे चोळत एकमेकांकडे अनोळखी माणसांसारखे बघत होते, आणि एकजणही उठायला तयार नव्हता.

तर असा प्रकार. साडूभाऊंना नमस्कार. तुमच्या गुडघ्यांचा एक्स-रे कुणाकडून काढून घेतलात तर मला पाठवा. हल्लीची पोरं घाईत काढतात.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. पाटी काढली. मावशींची भीती मोडावी म्हणून सौभाग्यवतींनी त्यांना लिफ्टमधून एकदा वरखाली नेलं. आता मावशी उतरायलाच तयार नसतात. जिना झाडायचा राहतो, पण जिन्याने कुणी जात नसल्यामुळे अजून तक्रार आलेली नाही.

आणखी एक ता. क. लोकांनी कळवलंय की पुढच्या वेळी सिनेमा नसला तरी चालेल, अंधार तेवढा ठेवा. मी नाही म्हणून सांगितलं. तुमच्या बहिणीला ते चाललं नसतं. ती भर उजेडात, एकमेकांची तोंडं दिसत असताना लोकांना बोलतं करायची. मलाही ते जमवायला हवं.

शेवटचा ता. क. तेव्हा ताई, मी येत नाही. रंगवलेल्या खोलीत भाडेकरू ठेवा, माझ्यासाठी अडवू नका. आणि हे पत्र मुळात ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. सिनेमा संपला की तुमची बहीण उभी राहून लोकांना एक प्रश्न विचारायची आणि मग चर्चा सुरू व्हायची. मी तेव्हा मोरीत असायचो, नळ चालू असायचा. इतकी वर्षं तो प्रश्न मी कधी ऐकलाच नाही. इथे विचारलं तर शिंपी एक सांगतो, सौभाग्यवती दुसराच सांगतात. तुम्ही एकदा सिनेमाला आला होतात, पुढच्या रांगेत होतात, आणि तुम्ही शाळेत मुख्याध्यापिका होतात, तुमच्या लक्षात असणार. काय विचारायची ती? जशाच्या तशा शब्दांत कळवा. नाहीच आठवलं तर तसंही कळवा, मग मी माझ्या मनाचा विचारीन. मला आजवर सुचलेला प्रश्न एवढाच आहे : “सगळ्यांना नीट दिसलं ना?”