पडद्याच्या पुढची खुर्ची

प्रिय ताई,

बघ, विमानात बसून पत्र लिहितेय, तेही पुढच्या वर्गात! खुर्ची एवढी ऐसपैस, की पाय कुठं ठेवायचे तेच कळेना. आणि हे? हे बसलेत पडद्यामागं, पार शेवटाला. हस हवं तेवढं.

झालं असं, की मागच्या वर्गाची तिकिटं जागांपेक्षा जास्त विकली गेली होती, म्हणून एकाला पुढं सरकवायचं होतं. यांनी लगेच आपलं विमान कंपनीचं सोनेरी कार्ड काउंटरवर आपटलं. पण यांचं तिकीट पॉइंटांवर फुकटात काढलेलं, आणि असल्या तिकिटांचा नंबर म्हणे सगळ्यांच्या मागून. मी परत जायला नको म्हणून तुझ्याकडे अडून बसले होते ना, त्यामुळं माझं ऐनवेळी महागाचं घ्यावं लागलं. मिळाली की बढती मला! यांनी जागा बदलून मागितली, तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, ज्याच्या नावावर आलीय त्यालाच. यांचा चेहरा बघायला हवा होतास. घरी पोचल्यावर याचं उट्टं निघणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मघापासून दोनदा पडद्यापर्यंत येऊन गेले. हवाईसुंदरीनं गोड हसून परत पाठवलं, पण इकडं मी पटकन हे पत्र पर्सखाली सरकवलं. तू विचारायचीस ना, फोन का उचलत नाहीस? फोन यांच्याकडे असतो, ताई. कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप घालतात. समोरच्या इमारतीचा जिना दिसतो खिडकीतून. माणसं चढतात, उतरतात, मी बघत बसते. तुला मात्र सांगायचे, कामात होते गं. कसलं काम नि कसलं काय! जीव गुदमरतो तिथं.

नवा बोर्डिंग पास देताना काउंटरवरच्या त्या पोरीनं माझा पासपोर्ट माझ्याच हातात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच. यांनी हात पुढं केला, तोवर मी तो पर्समध्ये टाकून चेन ओढली होती. मी निघताना तू पर्समध्ये कोंबलेलं तुझं बँकेचं कार्डही तिथंच आहे. आता मध्ये विमान बदलायचंय, आणि पुढचे लोक आधी उतरतात. मी उतरून सरळ परतीचं तिकीट काढणार. भीती वाटतेय, पण जाणार. हे पत्र बहुतेक मीच तुझ्या हातात देईन. तू काय झालं म्हणून विचारशील आणि मला रडण्यापुढं काही सुचणार नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवलं. वाच सावकाश. आधी मला घरात घे, आणि दार आतून लाव.

तुझीच,
भित्री भागूबाई